आडवा चमचा

चौथ्या वाटीलाही बटाट्याचा वास आला तेव्हा कांपिरे टेबलापासून अर्धं पाऊल मागे सरली आणि सवयीने तिने स्वतःच्या कोपराची आतली बाजू नाकाशी धरली. कॉफीची चव घेणारे सगळेच असं करतात. वास घेऊन घेऊन नाक भरून गेलं की स्वतःच्या कातडीचा वास घ्यायचा. तो इतका ओळखीचा असतो की कळतच नाही, आणि नाक पुन्हा कोरं होतं. आज कोपराला सोललेल्या कच्च्या बटाट्याचा वास येत होता. ओलसर, मातकट, बटाटा चिरल्यावर सुरीच्या पात्यावर पांढरट पाणी उरतं तसा. तिने हात खाली घेतला. टेबलाच्या पलीकडे रुतायिसिरेबाबा वाटीवर वाकले होते. त्यांचा भुरका खोलीत शिट्टीसारखा वाजला. त्यांच्यामागून गातेराने तसाच एक भुरका मारला, क्षणभर गाल फुगवून ठेवले आणि पिकदाणीत थुंकला. दोघांचेही चेहरे स्वच्छ होते. खिडकीखालच्या फळीवर याच पाचांतली पहिली वाटी नेऊन ठेवलेली होती आणि तिच्यावर कांपिरेचा चमचा आडवा पडलेला होता.

या डोंगरांतल्या कॉफीला सगळं काही मिळालेलं आहे. उंची, लाल माती, सकाळचं धुकं, दुपारचं ऊन. घोट घेतला की आधी संत्र्याची साल, मग मागून गूळ, आणि गिळल्यावर खूप वेळाने काळ्या चहासारखं काहीतरी. मग दृष्ट लागू नये म्हणून गोऱ्या पोराच्या गालाला तीट लावावी तशी तिला ही एक खोड लागलेली आहे. ढेकणासारखा दिसणारा एक ठिपक्याठिपक्यांचा किडा हिरव्या फळाला सोंड लावतो, त्या भोकातून काहीतरी आत जातं, आणि हजारो दाण्यांतला एखादा दाणा आतून बटाटा होतो. बाहेरून काही दिसत नाही. धुऊन जात नाही, वाळवून जात नाही. भाजून, दळून, वर उकळतं पाणी पडलं की मगच तो तोंड उघडतो, आणि ती एक वाटी वाया जाते. शेजारच्या चार वाट्या मात्र तशाच सुवासिक राहतात, कारण त्या दाण्याचं आणि त्यांचं काही नातं नसतं. म्हणून तर एकाच कॉफीच्या पाच वाट्या करतात. एकीला बटाटा लागू शकतो. फार दुर्दैव असेल तर दोघींना. पाचांना कधीच नाही. कांपिरे हे विद्यापीठात शिकली होती आणि नंतर इतक्या वर्षांत तिने ते स्वतःच्या नाकाने पडताळलं होतं.

उत्तम कॉफी निवडायच्या स्पर्धेतल्या या खोलीची एक रीत होती. टेबलाशी कोणी बोलायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही, नाहीतर दुसऱ्याची जीभ बिघडते. पण बटाटा आला तर ज्याला आला त्याने आपला चमचा त्या वाटीवर आडवा ठेवायचा आणि वाटी फळीवर नेऊन ठेवायची. मग ती वाटी दुसऱ्या कोणी हुंगायची नाही. तो वास असा चिकट, की एकदा नाकात शिरला की पुढच्या दोन-तीन वाट्या त्याच्याच वाटतात. तिघांनीही तो घेतला तर सकाळ फुकट. म्हणजे चमचा ठेवणाऱ्याचा शब्द शेवटचा. त्याच्यावर विश्वास ठेवायचा, बस. पहिल्यांदा चमचा पडला तर त्या कॉफीला दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी मिळायची. दुसऱ्यांदा पडला तर ती स्पर्धेतून बाहेर. या कॉफीवर काल गातेराचा चमचा पडला होता आणि आजची तिची संधी होती. कोणाची कॉफी, कुठल्या टेकडीची, हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. तशीच व्यवस्था होती. कुठेतरी एका कॉफीच्या धुलाई केंद्रावर बायकांनी ओले दाणे बांबूच्या कांबटांच्या माचांवर पसरून, दिवसचे दिवस वाकून, एकेक वाईट दाणा वेचून काढला असेल. त्यांच्या कॉफीला वरच्या फेरीत जागा मिळण्याजोगी चव होती. कालच्या चांगल्या चार वाट्यांनी ते सांगितलं होतं. आणि आज कांपिरेने चमचा ठेवला होता.

ती पाचव्या वाटीवर वाकली. बटाटा. तिने दुसऱ्या चमच्याने भुरका मारला, थुंकली, आणि जीभ जे सांगत होती तेवढ्यापुरते गुण मांडले. मग हात धुवायला म्हणून बाहेर गेली. साबणालाही तोच वास होता.

वास रेंगाळला असेल, असं तिने आधी स्वतःला सांगून पाहिलं. पहिल्या वाटीत खरंच असेल, आणि पुढचं सगळं त्याचं सावट. पण मग आठवलं, की सकाळी भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसल्यावर चालकाने दिलेल्या शिरस्त्राणाच्या आतल्या कापडालाही तो होता. तेव्हा तिला वाटलं होतं, बाजारात बटाट्याची पोती उतरवणारा कोणीतरी आधी बसून गेला असेल. आणि त्याच्याही आदल्या दिवशी उशीला. नळाचं पाणी वाहत होतं आणि ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. सगळ्या जगाला बटाट्याचा वास कधी येतो, याचं उत्तर तिला माहीत होतं. ते माहीत असून कितीतरी दिवस तिने आपल्याकडे येऊ दिलं नव्हतं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे ती पाहत नव्हती. मळमळ नव्हती, चक्कर नव्हती. फक्त नाक कोणीतरी हळूहळू धार लावावी तसं तीक्ष्ण होत गेलं होतं.

सात वर्षांपूर्वी एकदा दुधाला पत्र्याचा वास यायला लागला होता. तेव्हा ती आनंदाने इतकी भरून गेली, की दारात आलेल्या प्रत्येकाला तिने सांगितलं. नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याच्या बहिणींना सांगितलं, इथे टेबलाशी सांगितलं. लोक दूध घेऊन आले, ज्वारीची बीअर घेऊन आले, एकाच मडक्यात नळ्या घालून प्यायले, नाव काय ठेवायचं यावरून भांडले. आई मात्र टेकडीवरून फोनवर एवढंच म्हणाली होती, "पोरी, पोट आपणहून बोलेल. तू बोलू नकोस." आणि मग ते राहिलं नाही. दुःख होतंच, पण त्याहून विचित्र होते ते पुढचे महिने. अभिनंदन परत कसं घ्यायचं याची रीत कुठल्याच गावात नाही. लोक रस्त्यात भेटले की तिच्या चेहऱ्याच्या जरा वर पाहून बोलायचे. त्या वेळी ती स्वतःला बजावायची, की बोलण्याचा आणि राहण्या-न राहण्याचा काही संबंध नाही. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. हे ती कोणालाही फळ्यावर काढून दाखवू शकली असती. पण शरीराला फळा वाचता येत नाही. त्याने एवढंच शिकून ठेवलं होतं, की सांगितलं आणि गेलं.

आणि तरीही नळाशी उभं असताना तिला जे वाटत होतं ते भीतीसारखं नव्हतंच. भीती होती, पण ती कडेला, खुर्चीच्या टोकावर बसलेल्या पाहुण्यासारखी. मधली सगळी जागा दुसऱ्याच कशाने तरी व्यापलेली होती. बाहेर कोरड्या ऋतूतलं पांढरं ऊन, अंगणातल्या अवोकॅडोच्या झाडावर धूळ, खालच्या उतारावर कोणीतरी निलगिरीची ओली लाकडं जाळत होतं. त्या धुराच्या आतही एक बारीक बटाटा होता. तिला हसू आलं. गेल्या आठवड्यात कधीतरी नवऱ्याने, न्गारांबेने, कोळशाची शेगडी उचलून अंगणात नेली होती. स्वयंपाकघरात धूर फार होतो, म्हणाला. इतकी वर्षं तो धूर त्याला दिसला नव्हता. गणित शिकवणारा माणूस. उत्तर आलं तरी विद्यार्थी स्वतः तिथवर येईपर्यंत न बोलणारा. त्यानंतर तो रोज संध्याकाळी अंगणात उकिडवा बसून कांदा परतायचा आणि दार ओढून घ्यायचा. जेवताना तिच्या ताटातला घेवडा तसाच राहिला तर न विचारता आपल्या ताटात ओढायचा. म्हणजे त्याला कळलं होतं. आणि आपल्याला कळलंय हे तिला कळलेलंही त्याला कळलं होतं. दोघं एका उंच, भरलेल्या मडक्याच्या दोन बाजूंनी चालावं तशी घरात जपून चालत होती, आणि घर कधी नव्हे इतकं शांत, इतकं छान झालं होतं. एक शब्दही बोलला गेला नाही म्हणून.

चमचा राहू द्यावा, हे सगळ्यांत सोपं होतं. कोणी विचारणार नव्हतं. "ताईंना बटाटा जिन्यावरूनच कळतो," असं गातेरा नव्या लोकांना सांगायचा, आणि पुढे म्हणायचा, की यांच्या घरी न्गारांबेदादा खोटं बोलूच शकत नसतील, कुठे काय खाऊन आले ते दारातच उघडं पडत असेल. हा लौकिक तिने एकेका वाटीने मिळवला होता. आणि आज त्याच लौकिकाच्या जोरावर एक चांगली कॉफी बाहेर पडणार होती. तिने मनात दुसरी बाजूही मांडून पाहिली, प्रामाणिकपणे, जशी ती नेहमी मांडायची. समजा तिचं नाक चुकत नसेल. समजा प्रत्येक वाटीत, प्रत्येक कातडीत, प्रत्येक धुरात त्या वासाचे दोन-चार कण खरोखरच असतील, आणि आजवर कोणालाच ते टिपता आले नसतील. मग ती जे सांगते ते खरंच आहे. पण धान्य तोलायच्या जागी सोनाराचा काटा ठेवला तर तो खोटं बोलत नाही, तरी बाजार बंद पडतो. कॉफी माणसांनी प्यायची आहे. माणसांना जे लागतं तेवढंच तिने लागलं म्हणायचं. इतकं सरळ होतं हे. तिची आई जन्मभर कॉफी पिकवत आली, आणि तिच्या पिढीतल्या सगळ्यांसारखी तीही कधी एक घोट प्यायली नव्हती. फळं तोडायची, टोपलीतून डोक्यावर वाहून न्यायची, पैसे घ्यायचे, घरी येऊन दूध प्यायचं. नोकरी लागल्यावर कांपिरेने तिच्याच झाडांची कॉफी तिला करून दिली तेव्हा तिने एक घोट तोंडात धरला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "एवढ्यासाठी इतकी माणसं?" मग त्यात भरपूर दूध नि साखर घालून ती सगळी प्यायली. लेकीला थुंकायचा पगार मिळतो, असं ती अजून शेजारणींना सांगते. पण पुढच्या हंगामात ती माचाशी दाणे वेचायला बसली, तेव्हा एक पोखरलेला दाणा उन्हाकडे धरून तिने बाजूला टाकला आणि पुटपुटली, की कोणाच्या तरी तोंडात जायचं आहे हे. त्या दाण्याची कांपिरेला आता आठवण झाली, आणि आईच्या अंगठ्याच्या काळ्या पडलेल्या नखाची.

जेवणाच्या सुट्टीत रुतायिसिरेबाबा अवोकॅडोखाली बाकावर टोपी चेहऱ्यावर घेऊन बसले होते. झोपले नव्हते, पाय हलत होता. खोलीत त्यांचा अधिकार शेवटचा होता आणि संध्याकाळी निकाल तेच कळवणार होते. कांपिरे त्यांच्या शेजारी बसली. उकडलेल्या केळ्यांच्या वासातून बटाटा आला आणि गेला.

"बाबा, सकाळचा चमचा मला उचलायचाय."

"उचल की. मी कुठे धरून ठेवलाय," ते टोपीखालून म्हणाले. आणि मग, "का?"

"पाचही वाट्यांना येत होता."

"पाचांना कधी येतो का?"

"नाही."

पाय हलायचा थांबला. "कोपराला?"

"कोपरालाही."

त्यांनी टोपी काढली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर झाडावर नेली. झाडावर पाहण्यासारखं काही नव्हतं. मग ते सांगू लागले, की त्यांच्या तिसऱ्याच्या वेळी बायको त्यांना घरात घेईना. म्हणायची, तुम्हाला बोकडाचा वास येतो. नदीवर जाऊन अंघोळ केली, राखेने अंग घासलं, तरी बोकडच. महिनाभर ते भावाकडे जेवले, भावजय रोज टोमणे मारायची. "पोरगा मात्र गुणाचा निघाला," ते म्हणाले. कांपिरेने काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी काही विचारलं नव्हतं. अवोकॅडोचं एक पान खाली पडलं. तिला वाटलं, हेही छान झालं. हे असंच राहू दे.

पण रीत होती, आणि ती दोघांनाही ठाऊक होती. आडवा चमचा ज्याने ठेवला त्यानेच, टेबलाशी उभं राहून, सगळ्यांसमोर कारण सांगून उचलायचा. नाहीतर उद्या कोणीही कोणासाठीही चमचे ठेवेल आणि उचलेल. बाबांनीच ती घालून दिली होती. आता ते गालावरचे पांढरे खुंट खाजवत बसले.

"सर्दी झालीय म्हण," ते म्हणाले.

"सर्दीत काहीच येत नाही बाबा. मला तर सगळंच येतंय."

"त्या गातेराला काय कळतंय."

"गातेराला कळतं."

"हो," बाबा नाइलाजाने म्हणाले. "कार्ट्याला कळतं."

दुपारी ती सगळ्यांच्या आधी खोलीत गेली. त्याच कॉफीचे दाणे मोजून घेतले, पाच वाट्यांत पाच वेळा वेगवेगळे दळले, कारण एकत्र दळले तर एका दाण्याचा दोष पाचांत पसरतो. पाणी तापत ठेवलं. सर्दी हा शब्द तिने तोंडात धरून पाहिला. हलका होता, गुळगुळीत, कोणालाही चालण्याजोगा. पण तो चार दिवस पुरला असता. मग चार दिवसांनी पुन्हा टेबल, पुन्हा पाच वाट्या, पुन्हा कोणाच्या तरी टेकडीवर तिचा चमचा. किंवा मग दुसरी सर्दी, डोकेदुखी, गावाला गेलेली आई. एका न बोललेल्या शब्दाभोवती रोज एक खोटा शब्द रचत जायचं. घरातली शांतता तशी नव्हती. तिथे काही खोटं नव्हतं, फक्त थांबलेलं होतं. तिला एकदम वाटलं, की सात वर्षांपूर्वी जे हरवलं त्याच्याबद्दल ती नंतर कधीच कोणाशी बोलली नाही, आणि लोक तिच्या चेहऱ्याच्या वर पाहत होते ते कदाचित यासाठी, की तीच त्यांच्या चेहऱ्याच्या खाली पाहत होती.

गातेरा आत आला. दातात लाकडाची काडी, कपाळावर घाम. मांडलेल्या वाट्या पाहून त्याने काडी काढली. ही तर सकाळचीच, म्हणाला. बाबा त्याच्यामागून आले आणि दाराशीच थांबले. कांपिरेने एका हातात भरलेली किटली घेतली होती; तशीच ती फळीकडे गेली आणि दुसऱ्या हाताने तो चमचा उचलला. थंड वाटीच्या कडेवर त्याचा हलका आवाज झाला.

"गातेरा, हा चमचा मी उचलतेय. सकाळी मला जे आलं ते वाटीत नव्हतं."

"मग कुठे होतं, ताई?" त्याने सहज विचारलं. त्याच्या ओठांच्या कडेला पुढचा विनोद तयार होऊन बसलेला तिला दिसला. दाराशी बाबा खाकरले, आणि तिच्या जिभेवर तो गुळगुळीत शब्द आला.

"माझ्यात," ती म्हणाली. "आणि राहिलं तर बरं."

विनोद कुठे गेला ते गातेरालाही कळलं नसावं. त्याने अभिनंदन केलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे मात्र पाहिलं, वर नाही, खाली नाही, सरळ. मग दोन पावलं पुढे येऊन त्याने तिच्या हातातली किटली काढून घेतली.

"द्या इकडे," तो म्हणाला. "भरलेली आहे."

त्याने पाणी ओतलं. पाच वाट्यांवर दळलेल्या कॉफीच्या पाच सायी चढल्या. बाबा टेबलाशी आले, दोघं वाकले, चमच्याने साय मोडली, आणि खोलीत एकामागून एक भुरके वाजू लागले. कांपिरे भिंतीशी उभी होती. इतक्या वर्षांत ती या खोलीत अशी रिकाम्या हातांनी कधी उभी राहिली नव्हती. आता तिला काही कळायचा एकच मार्ग होता, दुसऱ्यांचे चेहरे. पहिल्या वाटीवर बाबांच्या भुवया स्थिर होत्या. दुसऱ्या वाटीवर गातेराचे डोळे मिटले, आणि ते तो आवडलं की मिटतो. तिसरी. चौथी. कोणाचा चमचा आडवा झाला नाही. पाचव्या वाटीशी बाबा जरा जास्त वेळ थांबले, तिने श्वास धरला, आणि त्यांनी शांतपणे आणखी एक घोट घेतला, केवळ हवा होता म्हणून.

तिने धरलेला श्वास सोडला. मग नवा घेतला. कच्चा बटाटा, नुकता सोललेला, ओला, मातीचा, खोलीभर, तिच्या एकटीपुरता. तिने तो पुन्हा एकदा घेतला, पोटापर्यंत, सावकाश.